मंदीत उमेद टिकवायची म्हणजे नक्की काय करायचं? (सांगली-मिरज, प्लॉट-फ्लॅटचे एजंट)

शंभरफुटी_एजंट

नमस्कार मंडळी. सांगली, विश्रामबाग, मिरज एवढ्या पट्ट्यात जुने फ्लॅट, प्लॉट आणि थोडी शेतजमीन असं काम आहे. हातात ३८ फायली. महिन्याला नऊ-दहा साईट दाखवून होतात. आठ महिन्यांत खरेदीखतापर्यंत एकही व्यवहार गेला नाही, भाड्याचे दोन-तीन करार तेवढे झाले. ऑफिसचं भाडं, कामाला ठेवलेला पोरगा, पेट्रोल, मोबाईल, जाहिरात धरून महिन्याला २६ हजार जातात. मालक दोन वर्षांपूर्वीच्या भावावर अडून बसलेत आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "अजून उतरंल, थांबू की."

जो तो सांगतो, पॉझिटिव्ह राहा. राहतो. पण सकाळी शटर वर केल्यावर पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे हातानं काय करायचं? सुविचार नकोत, कृपया.

कृष्णाकाठ

साहेब, तुमच्याच आकड्यांत बघा. आठ महिने, महिन्याला नऊ-दहा, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास साईट दाखवल्या. बाजारात गिऱ्हाईकच नसतं तर एवढी माणसं उन्हातान्हात बघायला आली कशाला? माणसं येतायत, बघतायत आणि भावावर, कागदावर नाहीतर स्वतःच्या ऐपतीवर अडतायत. बाजार हलवणं आपल्या हातात नाही, या तिन्ही गोष्टींवर मात्र सकाळपासून काम करता येतं.

आधी ३८ फायलींचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात मालकाला खरंच विकायचंय आणि कागद चोख आहेत अशा. दुसऱ्यात विकायचंय पण कागद किंवा भाव अडलाय अशा. तिसऱ्यात "चांगला भाव आला तर बघू" म्हणणारे. तिसरा गठ्ठा कपाटात. त्यांना फोन नाही, त्यांची साईट दाखवायची नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. उमेद सगळ्यात जास्त याच गठ्ठ्यात जिरते, कारण तिथं काम केल्यासारखं वाटतं आणि पुढं काहीच सरकत नाही. पहिल्या दोन गठ्ठ्यांतल्या प्रत्येक फायलीवर पुढच्या कामाची तारीख पेन्सिलीनं लिहा. तारीख सुचत नसेल तर ती फाईल तिसऱ्यात गेली म्हणून समजा.

आता भाव. मालकाशी तोंडी वाद घालू नका, कागद दाखवा. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च फुकट आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की इंडेक्स टू (दस्ताचा सरकारी गोषवारा) निघतो. त्यात मोबदला (दस्तात लिहिलेली सौद्याची रक्कम) आणि बाजारभाव (रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरानं काढलेली किंमत) असे दोन आकडे असतात, शिवाय क्षेत्रफळ आणि तारीख. त्याच गटातले आणि शेजारच्या दोन-तीन गटांतले मागच्या २४ महिन्यांतले दस्त काढा, गुंठ्याचा दर पाडा (१ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, फ्लॅट असेल तर चौरस फुटाचा) आणि एका पानावर तारखेनुसार मांडा.

हे पान वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. मोबदला आणि बाजारभाव हे आकडे तंतोतंत सारखे असतील तर तो दस्त बाजूला ठेवा. रेडी रेकनरएवढीच रक्कम लिहिलेली असते तिथं खरा सौदा किती झाला ते कागदावरून कळत नाही. आणि दस्ताची तारीख ही सौद्याची तारीख नसते. बोलणी होऊन बऱ्याचदा तीन-चार महिन्यांनी दस्त होतो, म्हणजे आज दिसणारा दर मागच्या हंगामातला असतो. उतरत्या बाजारात आजचा दर त्याच्याही खाली असणार, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

मग हिशेब. ५ गुंठे, मालक ६ लाख गुंठा मागतोय, म्हणजे ३० लाख. समोर २७ लाखांचं गिऱ्हाईक उभं आहे. २७ लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला १,७५,५०० व्याज. दोन वर्षांत साध्या व्याजानं ३०,५१,०००. म्हणजे ३० लाखांसाठी दोन वर्षं थांबून मालक जिथल्या तिथंच राहतो, वर प्लॉटवरची झाडी काढणं आणि कुंपणाची कटकट. हे त्याच्यासमोर त्याच्याच कॅल्क्युलेटरवर करा. तुमच्या मोबाईलवरचा आकडा तो मानत नाही, स्वतः दाबलेला मानतो.

सातबारा_वाचक

वरच्या हिशेबात व्याजावरचा आयकर धरला नाही. मालक नोकरदार असेल तर तोच ते काढणार आणि मग सगळं पानच खोटं ठरणार. आधीच धरून दाखवा. शिवाय विक्रीवरचा दीर्घकालीन भांडवली नफा कर: २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. त्याआधी घेतलेली जमीन-घर असेल तर निवासी व्यक्तीला २० टक्के इंडेक्सेशनसह हा जुना हिशेबही लावून बघता येतो, जो कमी बसेल तो. एवढं सांगून बाकीचं सीएवर सोडा.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्या गठ्ठ्याबद्दल. तेजीत कागद अडला तर गिऱ्हाईक महिनाभर थांबायचं. आता ते पुढच्या प्लॉटवर जातं, कारण पुढचा प्लॉट आहे. म्हणून रिकामा वेळ इथं घाला. आपल्याकडे वारंवार अडतं ते असं:

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा तसाच. सोसायटीचा बेबाकीचा (काही येणं नसल्याचा) दाखला आणि अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) देऊन फेरफार धरून घ्यायचा. नोटिशीचा १५ दिवसांचा काळ, मग मंडल अधिकारी मंजूर करतो. गिऱ्हाईक आल्यावर पळापळ केली तर हे १५ दिवसच जीव घेतात.

बहिणींची नावं. वारसनोंदीत लागलेली असतात आणि भाऊ म्हणतो, "त्यांचं काय न्हाई, सही करतील." विसाराच्या (सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेच्या) आधी प्रत्येक बहिणीशी स्वतः बोला. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, शंभराच्या स्टॅम्पवरची संमती कामाची नाही.

पुनर्वसनाचा शेरा. कोयना-वारणेच्या लाभक्षेत्रातल्या गावांत सातबाऱ्यावर हस्तांतरणबंदीचा शेरा असतो आणि मालकालाच ठाऊक नसतं. भोगवटादार वर्ग २ चं (सरकारी अटींवर मिळालेल्या जमिनीचं) तेच, परवानगीशिवाय दस्त होत नाही. असली फाईल पहिल्या गठ्ठ्यात ठेवून स्वतःला फसवू नका.

गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट. सांगली-मिरजेत हा मोठा भाग आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालंय का, त्याचं प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा बघा. नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत आणि तुमचं निम्मं गिऱ्हाईक तिथंच गळतं. अशा प्लॉटला कर्ज काढणारं माणूस दाखवायचंच नाही.

ऑनलाईन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. ३८ फायलींचे ३८ उतारे आजच काढा. सहाशे रुपयांत निम्म्या फायलींची खरी तब्येत कळेल. सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांची तपासणी) मात्र वकिलाकडूनच, ३० वर्षांचा. ते आपलं काम नाही.

बेदाणा_बाजार

मंदी मंदी म्हणताय पण कुठल्या महिन्यांबद्दल बोलताय ते बघा की ओ. सांगलीचा पैसा पगाराचा कमी आणि पिकाचा जास्त. ऊस दिवाळीच्या पुढं तुटायला लागतो, बिल कायद्यानं १४ दिवसांत पण हातात येईस्तोवर पुढचा महिना उजाडतो. हळद फेब्रुवारी-मार्चपासून, बेदाणा त्याच्याच मागोमाग. म्हणजे माणसाच्या खिशात मोकळा पैसा जानेवारी ते मे. जून ते सप्टेंबर खत, बियाणं, शाळेच्या फिया आणि मग पितृपक्ष. ह्या चार महिन्यांत दस्त झाले नाहीत म्हणून डोक्याला हात लावून बसायचं कारण नाही. जुलैची तुलना मागल्या जुलैशी करा, एप्रिलशी केली की काळजाला घोर लागतोच.

म्हणून कामाचं वेळापत्रक उलटं लावा. पावसाळ्यात कागद आणि मालकाचा भाव. दसरा-दिवाळीला गिऱ्हाईकाची यादी. जानेवारीपासून साईट. फेब्रुवारीत बोलणी मिटली तर मार्चअखेर दस्त बसतो, कारण रेडी रेकनर बदलायचा झाला तर १ एप्रिलला बदलतो आणि दर वाढायची भीती गिऱ्हाईकाला आपोआप दुय्यम निबंधकाच्या दारात आणते. तुम्ही ढकलायची गरज नाही.

आणि पाऊस चालू असताना साईट टाळू नका. सांगलीत गिऱ्हाईकाच्या मनात पहिला प्रश्न पाण्याचा असतो, विचारो न विचारो. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. शहरातलं शेंबडं पोरगंबी हे आकडे सांगतं. "इथं पाणी येत नाय बघा" असं म्हटलं की तुमच्यावरचा विश्वास संपला. त्यापेक्षा टेप घेऊन जा. शेजारच्या तीन घरांत विचारा २०१९ ला कुठवर होतं, २०२१ ला कुठवर. भिंतीवर डाग असतोच, नसला तर माणसं हातानं दाखवतात. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापासून त्या खुणेपर्यंत मोजा, मग प्लॉटची पातळी रस्त्यापेक्षा किती खाली-वर ते मोजा. तिघांची उत्तरं एकमेकांच्या अर्ध्या फुटात आली तर धरा, नाहीतर चौथं घर. महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघून ठेवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवीन बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर. हे एका कागदावर लिहून गिऱ्हाईकाच्या हातात द्या. "दोन फूट पाणी होतं, जोतं तीन फूट घ्या" असं सांगणारा एजंट माणूस विसरत नाही, त्यानं तो प्लॉट घेतला नाही तरी.

हिशेबी_मिरजकर

वरचे सगळे मालकाच्या बाजूनं बोलले. गिऱ्हाईकाची चाळण कुणीच सांगितली नाही. पंचाहत्तर साईटमध्ये किती जण घेऊच शकत नव्हते हे वहीत आहे का?

साईट दाखवायच्या आधी फोनवर पाच गोष्टी विचारा. कर्ज काढणार की रोख. नाव कुणाचं लागणार. आधीचं घर विकून हे घ्यायचंय का. चालू हप्ते किती. घरात शेवटचा शब्द कुणाचा. शेवटच्या माणसाला पहिल्याच फेरीला आणायला सांगा. मिस्टरांना तीनदा दाखवायचं आणि चौथ्यांदा सासूबाई येऊन जिना कुठल्या दिशेला म्हणून विचारणार, हे पेट्रोल कुणाचं?

ऐपतीचा हिशेब तोंडपाठ हवा. साडेआठ टक्के, २० वर्षं, तर लाखाला हप्ता ८६८ रुपये. हातात पगार ४५ हजार, बँक निम्म्यापर्यंत हप्ता धरते असं समजा, म्हणजे २२,५००. त्यातून गाडीचा चालू हप्ता ४ हजार वजा. राहिले १८,५००, म्हणजे कर्ज साधारण २१ लाख ३० हजार. फ्लॅट २८ लाखांचा असेल तर ६ लाख ७० हजार स्वतःचे. त्यावर महापालिका हद्दीत मुद्रांक ६ टक्के, १,६८,००० आणि नोंदणी फी १ टक्का, २८,०००. एकूण हातात ८ लाख ६६ हजार तरी पाहिजेत. दस्त फक्त महिलेच्या नावावर असेल तर राहत्या घराला मुद्रांकात १ टक्का सूट, इथं २८ हजार वाचतात. जोडनावावर मिळत नाही, हे आधीच सांगा, दस्ताच्या दिवशी भांडण नको.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो (ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. याचा उपयोग असा की वर्ष-दीड वर्षापूर्वी हप्ता झेपत नाही म्हणून मागं फिरलेल्यांची यादी काढा आणि नव्या व्याजानं त्यांचा हप्ता मोजून एक-एक फोन करा. नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आणखी एक. बँकेचा व्हॅल्युअर उतरत्या बाजारात सौद्यापेक्षा कमी किंमत लावतो. कर्ज त्या किमतीवर मिळतं, गिऱ्हाईकाला लाख-दोन लाख कमी पडतात आणि विसार दिलेला व्यवहार मोडतो. म्हणून विसारपावतीत लिहा: कर्ज मंजुरीसाठी इतके दिवस, कमी मंजूर झालं तर विसार परत की जप्त, किती दिवसांत. मुदत ४५ दिवस पुरे. विसाराची रक्कम चेकनं थेट मालकाच्या खात्यावर. तुमच्या खात्यात नको आणि २० हजार किंवा त्यावर रोख तर नकोच, आयकर कायद्यात त्याला तेवढाच दंड आहे.

कृष्णाकाठ

मिरजकरांचं बरोबर, पण निम्मा पगार सगळ्या बँका धरत नाहीत. शेतीचं उत्पन्न दाखवणाऱ्याला तर वेगळीच पट्टी. पाच-सहा बँका-पतसंस्थांचे नियम एका तक्त्यात ठेवा.

भाडेकरार_वाला

खर्चाचं बोलू. २६ हजार महिना. २८ लाखांच्या फ्लॅटवर एका बाजूचा १ टक्का म्हणजे २८ हजार, म्हणजे महिन्याला एक व्यवहार केवळ शटर उघडं ठेवायला हवा. आठ महिन्यांत २ लाख ८ हजार खिशातून गेले. हे सांगितल्याशिवाय उमेदीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

भाडं हा तुमचा तळ आहे. "दोन-तीन करार तेवढे झाले" असं लिहिलंत, तेच वाढवा. मिरजेत दवाखान्यांमुळे डॉक्टर, नर्स, शिकाऊ पोरं सतत येतात-जातात. विश्रामबागेत वालचंद कॉलेजमुळे जून-जुलै-ऑगस्ट खोल्यांना मागणी. म्हणजे विक्री थंड असते नेमकं तेव्हा भाडं चालतं. एक महिन्याचं भाडं दलाली, ९ हजारांच्या फ्लॅटवर ९ हजार. महिन्याला तीन केले तर तुमचं शटर निघालं.

फक्त करार नीट करा. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही हा गैरसमज आहे, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. खर्चही फार नाही: ९ हजार भाडं, ११ महिने, ९९ हजार, त्यात ३० हजार डिपॉझिटचं १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज २,७५०. एकूण १,०१,७५० च्या ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे अडीचशेच्या वर थोडं. शहरात नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाईन नोंदणी घरी बसून होते. अडतं ते अंगठ्यावर. शेतात राबलेल्या मालकाचा ठसा उमटत नाही. हात कोमट पाण्यानं धुऊन कोरडे करा, बोट बदलून बघा, मशिनची काच पुसा. तरी नाही झालं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून काही दिवसांनी परत. म्हणून भाडेकरू राहायला येणार त्याच दिवशी करार ठेवू नका, पाच-सहा दिवस आधी ठेवा.

बिल्डरच्या प्रोजेक्टची कामं घ्यायची असतील तर महारेराचा (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा) एजंट नंबर आधी. वैयक्तिक फी १० हजार, पाच वर्षांसाठी, शिवाय आता प्रशिक्षण आणि परीक्षा. मंदीत बिल्डर जादा दलाली बोलतात आणि देताना महिनोन्‌महिने लावतात. गिऱ्हाईकाकडून किती टक्के रक्कम आल्यावर दलालीचा कितवा हिस्सा, हे पत्रावर घ्या. नुसता शब्द असेल तर त्या प्रोजेक्टवर वेळ घालू नका.

शंभरफुटी_एजंट

सगळ्यांचे आभार. आज बसून गठ्ठे केले: ९ पहिल्यात, १६ दुसऱ्यात, १३ कपाटात. उतारे काढले तर पहिल्यातल्या दोन फायलींवर सोसायटीचा बोजा निघाला, म्हणजे पहिल्यात सातच. आता दोन शंका. एकच प्लॉट आठ-नऊ एजंटांच्या ग्रुपवर वेगवेगळ्या भावानं फिरतोय, त्याचं काय करू? आणि ई-सर्चमध्ये मिरजेतल्या एका प्लॉटचा सर्व्हे नंबर टाकला तर काहीच येत नाही.

सातबारा_वाचक

मिरज शहरात बऱ्याच ठिकाणी सिटी सर्व्हे झालाय, तिथं सि.स.नं. टाका. प्रॉपर्टी कार्डावर मिळेल. तरी नाही आलं तर पोटहिस्सा गाळून फक्त मूळ आकडा टाका, म्हणजे १२४/२अ/३ ऐवजी १२४. यादी लांब येईल, पण त्यात तुमचा सापडतो.

हिशेबी_मिरजकर

ग्रुपवरच्या प्लॉटचं: मालकाकडे जा आणि मोबाईलवर त्याच्याच प्लॉटचे चार भाव त्याला दाखवा. आठ तोंडांनी चार भाव फिरले की गिऱ्हाईकाला वाटतं मालक अडचणीत आहे नाहीतर कागदात घोळ आहे, आणि ते सगळ्यात खालच्या भावाच्याही खाली मागतं. मालकाला हे पटलं तर ९० दिवसांचं लेखी पत्र घ्या: भाव एकच, दाखवणार तुम्ही, दुसऱ्या एजंटानं गिऱ्हाईक आणलं तर त्याच्या बाजूची दलाली त्याला, ४५ व्या दिवशी भाव परत बघायचा. नाही पटलं तर तुमचा कपाटातला गठ्ठा १४ चा झाला.